तिनं म्हटलं तेच लिही

चौकशीच्या खोलीत शिरल्या की बाई आधी खुर्ची उचलत. तक्रार करणारीची खुर्ची टेबलाच्या आतल्या बाजूला, भिंतीशी ठेवलेली असे. ती त्या स्वतः दाराजवळ आणून ठेवत. "मध्येच उठून जावंसं वाटलं तर कोनाला ओलांडायला नको," म्हणत. मग पाण्याचा पेला पुढे करत. "आधी पानी पी. मग पहिल्यापासून सांग."

तुमच्यापैकी कोणी अशा समितीत बसलं असेल, तर ठाऊक असेल की बाहेरचा सदस्य बहुधा सहीपुरता असतो. आमची कंपनी सातिवलीत, बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणारी. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ झाला तर दाद मागायला तक्रार समिती हवी, असा कायदा आहे, म्हणून शेठनी ती कागदावर केली. स्टोअरच्या मॅडम अध्यक्ष, क्वालिटीतल्या एक ताई, ऑफिसातून मी, आणि बाहेरच्या म्हणून या बाई. भुईगावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, नंतर एका महिला संस्थेत जाणाऱ्या. आयुष्यभर मुलांना शुद्ध मराठी शिकवलं, पण बोलताना घरचं 'पानी' काही सुटलं नाही. कायद्याची पुस्तिका शाळेच्या वहीसारखी खाकी कव्हर घालून पिशवीत असे. मला वाटलं होतं, वर्षातून एकदा येतील, चहा पिऊन जातील.

मग पॅकिंगमधल्या एका मुलीची तक्रार आली. नालासोपाऱ्याहून यायची, कामाला लागून वर्ष झालं होतं. चौकशीतलं नाव खोलीबाहेर न्यायचं नाही, असा बाईंचा दंडक होता; तिचं नाव मी इथेही सांगणार नाही. तक्रार तिच्या सुपरवायझरविरुद्ध होती, आणि तो कंपनीत बारा वर्षं होता. मुलगी सांगत होती, मी लिहून घेत होतो. बाईंनी कागद ओढून वाचला.

"'गैरवर्तन केले.' असं म्हनाली ती?"

"अर्थ तोच होतो ना, बाई."

"अर्थ तू काढू नकोस. मशीनमागे कमरेला हात लावला, म्हनाली. दोनदा. तिनं म्हटलं तेच लिही."

मी लिहिलं. लिहिताना कान तापले होते.

बाईंनी तिला पुढे विचारलं, "याआधी कोनाला सांगितलं होतंस?"

"ऑफिसात सांगितलेलं."

"ऑफिसात कोनाला?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "ह्या सरांना."

खरं होतं. दीड महिन्यापूर्वी ती माझ्या टेबलाशी आली होती. कॉम्प्युटरवरची नजरही न काढता मी म्हणालो होतो, "लक्ष देऊ नकोस, त्याचा स्वभावच तसा आहे." आणि विसरूनही गेलो होतो.

"लिही," बाई म्हणाल्या.

मी माझं नाव लिहिलं. त्यापुढे माझं वाक्यही लिहिलं.

"आता पेन मॅडमना दे. तुला या चौकशीत बसता येनार नाही. तू साक्षीदार आहेस." आवाज जराही चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला बोलावून घेतलं. "काही आठवत नाही म्हण," एवढंच सांगितलं. बाईंनाही फोन लावला: पोरीला समजावू, मिटवून टाका. बाई म्हणाल्या, "समेट तिनं स्वतःहून मागितला तरच होतो. मी तिला एकटीला विचारलं. तिला नकोय."

सुपरवायझरचं म्हणणं ऐकलं त्या दिवशी त्यालाही दाराजवळच बसवलं, त्याच्यापुढेही पेला ठेवला. त्याआधी तक्रारीची प्रत त्याच्या हातात देऊन उत्तर द्यायला दहा कामाचे दिवस आहेत, हे बाईंनी त्याला दोनदा समजावलं होतं. दार उघडलं तेव्हा मला हे दिसलं; रुचलं नाही, आणि तसं बाईंना म्हणालो. "त्याचंही नीट ऐकायचं असतं," बाई म्हणाल्या, "नाहीतर तिचं ऐकलेलं टिकत नाही."

माझी पाळी आली. मी बोललो होतो तेच सांगितलं, शब्दाला शब्द. बाहेर पडल्यावर बाईंना विचारलं, "मी चुकलोच ना?"

"हो," त्या म्हणाल्या. पायऱ्या उतरताना थांबल्या. "पन आज खोटं नाय बोललास."

त्यानंतर पॅकिंगमधल्या आणखी दोघी पुढे आल्या. समितीनं अहवाल दिला आणि शेठना सुपरवायझरला काढावं लागलं. मुलगी दोन वर्षं तिथंच काम करत राहिली, मग वसईत दुसरीकडे लागली. समितीची मुदत संपल्यावर शेठनी बाईंना पुन्हा घेतलं नाही. ते पत्र द्यायला मीच भुईगावला गेलो. बाईंनी वाचून घडी घातली, परसातल्या केळीची एक फणी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "माझ्या जागी येतील त्यांना सगळं समजावून सांगशील ना?"

गेल्या वर्षी बाई गेल्या. अंत्यविधीच्या मिस्सेला मी गेलो. चर्चच्या दाराशी त्यांचा भाचा उभा होता, येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करत होता. माझ्या पुढे तीन-चार बायका होत्या, वेगवेगळ्या आलेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या.

"मावशीच्या कोन तुम्ही?" त्यानं पहिलीला विचारलं.

"ओळखीची."

दुसरीही तेच म्हणाली. तिसरीही. नाव-गाव कोणीच सांगितलं नाही.

"आणि तुम्ही?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

आत मागच्या बाकावर पॅकिंगमधली ती मुलगी बसली होती. तिनं मला पाहिलं. बाजूला सरकून तिनं मला बसायला जागा दिली.