रुमालाबाहेरचा भाव

"रुमालाखाली हात घालू नगंस," अडत्या माझ्यावर खेकसला.

दुष्काळाचं साल. लातूरच्या अडत बाजारात तुरीच्या ढिगापुढं मी उभा. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे. कितीला ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. ज्याची तूर तो शेतकरी नुसता बघत बसायचा.

याच बाजारात मी दहा वर्षं हमाली केलेली. आता बायको आणि मी घरी जात्यावर डाळ भरडून विकत होतो. माल घ्यायला गिऱ्हाईक म्हणून आलेला महारवाड्यातला मी पहिलाच. हात पुढं केला, तर अडत्यानं रुमाल झटकला.

"पोतं उचलाय तुझा हात चालतो. हितं न्हाई चालत."

सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची लाज मला अजून जाळते.

फाटकापर्यंत गेलो. पाय घराकडं वळेनात. घरी जातं रिकामं होतं. परत आलो, त्याच ढिगापुढं उभा राहिलो आणि मनातला भाव मोठ्यानं बोललो. साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"तोंड आवर," अडत्या म्हणाला.

तुरीचा मालक, कंधारकडचा म्हातारा, उठून उभा राहिला. "मला तर ह्यांनी लई कमी सांगितला. माझी तूर तूच घे, बाबा."

आपल्याच मालाचा खरा भाव त्यानं पहिल्यांदा कानानं ऐकला होता.

लातूर जिल्हा झाला तोवर माझी डाळमिल उभी राहिली. शेतकऱ्यांनी मला बाजार समितीवर निवडून दिलं. मी एकच ठराव मांडायचं ठरवलं: भाव सगळ्यांसमोर बोलायचा. सभेच्या आदल्या दिवशी तोच अडत्या मिलवर आला. माझ्या घरचा चहा प्याला. मग हातावर रुमाल पसरला.

"झालं गेलं इसरा. द्या हात. आता तुमी आमच्यातले."

खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. इतकी वर्षं मला तेच तर हवं होतं.

हात मांडीवरच ठेवला. म्हणालो, "आप्पा, रुमालाची घडी करा. उद्या ठरावाला हात वर करा, समद्यांना दिसंल असा."

त्यानं केला नाही. ठराव पडला. पुढच्या सभेत परत मांडला, परत पडला. उद्या पुन्हा सभा आहे. पुन्हा मांडणार. आता मला त्या रुमालाखाली जागा नको. मला तो रुमालच बाजारातून काढायचाय.