राखेतलं धुणं

महाड-पोलादपूर एसटीत मी एक जुनी अमेरिकन कादंबरी चाळत होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवायची होती. शेजारच्या बाई पुस्तकात डोकावून म्हणाल्या, "काय गोष्ट हाय, सर?"

"पाण्याच्या एका काठाला पिढीजात श्रीमंत, समोर नवे श्रीमंत, आणि शहराच्या वाटेवर राखेच्या ढिगांत गरीब. जागेवरून माणसाची पायरी कळते."

"मग त्या राखेतल्या बाया धुणं कुठं वाळत घालतात?" त्यांचं घर कशेडी घाटाखाली, हायवेलगत. "आमी कपडे उलटे करून वाळत घालतो. अंगात घालताना सुलटे केले की ट्रकांची धूळ आतून ऱ्हाते, लोकांना आमी स्वच्छच दिसतो!" खळखळून हसत त्या उतरल्या.

नऊ वर्षं शिकवलेल्या त्या कादंबरीत मला धुण्याची दोरी कुठंच सापडली नाही. दुसऱ्या दिवशी तास त्यांच्याच प्रश्नाने सुरू केला. पहिल्यांदाच मागच्या बाकांवरचे हात आधी वर आले.