आनंदाबाईचं नाक आणि मंडईचा भात

अड्याळ गावात आनंदाबाईला आवडलेली गोष्ट कोणी पाहिली नव्हती. नावडलेल्यांना मात्र तोटा नव्हता. शेजारणीचं लोणचं म्हणजे खारवलेला पाला, सरपंचाच्या पोरीचं लग्न म्हणजे वऱ्हाडाला उपाशी मारायचा बेत, आणि नवऱ्याचं, म्हणजे वासुदेवरावांचं, अख्खं आयुष्य म्हणजे ‘जाऊ द्या’. वासुदेवरावांनी हा निकाल फार पूर्वीच मान्य केला होता. ते दिवसाचा बराचसा वेळ शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर, पाण्याकडे बघत काढत.

पण बाईच्या तुच्छतेला एक भक्कम आधार होता. तो म्हणजे तिचं नाक. चिन्नोर हा भंडाऱ्याकडचा वासाचा तांदूळ. खरा असला तर भात शिजताना शेजारपाजाऱ्यांना भूक लागते. बाजारात चिन्नोर म्हणून भलतंच काही गळ्यात मारणारेही पुष्कळ. म्हणून लग्नाकार्याचा तांदूळ घ्यायचा असला की लोक मूठभर नमुना रुमालात बांधून आनंदाबाईकडे आणत. ती मूठ नाकाशी नेई, डोळे मिटे, ओठ वाकडे करी. निकाल बहुतेक वेळा वाईटच लागे. तरी लोक येत, कारण आनंदाबाईचं नाक चुकत नाही अशी गावाची खात्री होती.

खरी गोष्ट अशी, की त्या नाकात आता काहीच शिरत नव्हतं. साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिलाही ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, चव अर्धीमुर्धी परत आली. वास गेला तो गेलाच. फोडणी जळली तरी तिला धूर दिसल्यावर कळायचं. हे तिनं कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. वास गेलेली आनंदाबाई म्हणजे गावातली आणखी एक म्हातारी, आणि गावातल्या म्हाताऱ्यांबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं.

वर तिला एक सोय सापडली होती. चांगलं म्हणणाऱ्याला लोक धरतात. बाई, तुम्हीच तर चांगला म्हणाल्या होत्या! सरसकट वाईट म्हणणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. तेव्हापासून तिनं एकही तांदूळ पास केला नव्हता. गावाला वाटलं, म्हातारपणी बाईचं नाक आणखीच तिखट झालं.

या तुच्छतेचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक लाखांदूरला होतं. भय्याजी, तिची नणंद बेबीबाई हिचा नवरा. घरच्या जावयाला मान द्यायचा असतो, पण हा माणूस लग्नानंतरच्या पहिल्याच मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, स्वतःच्या शेतातला चिन्नोर पिशवीत घालून आला आणि म्हणाला, “वहिनी, पाहा बरं वास घेऊन.” नवी सून असलेल्या आनंदाबाईनं मूठ नाकाशी नेली आणि साऱ्या पाहुण्यांपुढे सांगितलं, “पोत्याचा वास येते, जावईबापू.” ओसरी हसली. भय्याजीही हसला. त्या दिवसापासून दर दिवाळीनंतर, मंडई भरली आणि पाहुणे गोळा झाले, की भय्याजी पिशवी पुढे करणार, ती पोत्याचा वास काढणार आणि घर हसणार, हे ठरूनच गेलं होतं.

अशा घरात शुभांगीनं, म्हणजे तिच्या सुनेनं, टपालानं अत्तर मागवलं.

शुभांगी पुढच्या खोलीत लहान पोरांची शिकवणी घ्यायची. त्या पैशातून तिनं हा उद्योग केला होता. अत्तर तरी साधं असावं, गुलाबाचं, मोगऱ्याचं. पण नाही. पुण्याकडची कोणी एक मुलगी घरच्या घरी तेलं मिसळून शिश्या भरायची, आणि त्याही एका कार्टून सिनेमावरून. सिनेमातल्या एकेका प्रसंगाची एकेक शिशी. करंगळीएवढ्या पाच शिश्या, कापसात निजवलेल्या, आणि सोबत माहितीचा कागद. शुभांगीनं तो सिनेमा मोबाइलवर तीनदा पाहिला होता आणि तीनदा रडली होती. सिनेमातली कोल्हीण खरी नाही हे तिला माहीत होतं, तरी रडली होती.

“आई, वास घेऊन पाहा ना,” ती म्हणाली. “तुमच्या नाकाले समजन.”

नाही म्हणायची सोय नव्हती. आनंदाबाई पाटावर बसली. शुभांगीनं पहिली शिशी उघडून मनगटावर थेंब लावला आणि कागद वाचला, “ढगांची गिरणी. पहाटेचं दव, दळलेल्या चांदण्याचं पीठ आणि किंचित घरची ओढ.”

“घरच्या ओढीले वास राहते?” आनंदाबाईनं मनगट नाकाशी नेऊन दूर लोटलं. “मंग तुह्या सासऱ्याले कधी काहून नाही आला?”

दुसरी शिशी होती ‘कोल्हिणीचं अंगण’. आनंदाबाई म्हणाली, मेलेल्या उंदराला गुलाबपाणी लावल्यावानी आहे. शुभांगी खळखळून हसली, आणि आनंदाबाईला रंग चढला. चांदण्याचं पीठ म्हणे! जिनं जन्मात जातं ओढलं नाही ती चांदणं दळायला निघाली. शहरातल्या रिकामटेकड्या पोरी, एकीनं शिशीत तेल भरायचं, दुसरीनं ते हुंगून डोळे ओले करायचे. बाई बोलत सुटली. बोलता बोलता तिनं कापसातली तिसरी शिशी स्वतःच उचलली, नाकाशी धरली आणि तोंड कडू केलं.

“बाप्पा! हा तं म्हशीच्या गोठ्याचा वास हाये. ओकारी येऊन राहिली मले.”

शुभांगीचं हसू थांबलं. “आई, तिचं बूच अजून काढलंच नाही.”

आनंदाबाईनं हातातल्या शिशीच्या बुचाकडे पाहिलं. पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. “बंद शिशीतून एवढा मारून राहिला,” ती म्हणाली, “उघडली तं गाव सोडा लागन!”

शुभांगी हसली नाही. तिनं सासूकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि शिश्या गोळा करायला हात पुढे केला. त्या नजरेनं आनंदाबाई घाबरली. घाबरली की ती ओरडत असे. “मंडईले पाहुणे येऊन राहिले, अन् घरात हे थेर कायले पाहिजेत? माह्याजवळ राहू दे!” असं म्हणून तिनं शिश्या पदरात घातल्या आणि आतल्या खोलीत गेली.

आता त्या घरात लपवायची वस्तू एकाच जागी लपत असे, तांदळाच्या पिंपात. कपाटाची किल्ली तिथं, सोन्याच्या बाळ्या तिथं, नातवापासून वाचवलेला पेढाही तिथंच. पिंप आनंदाबाईच्या ताब्यात. मंडईसाठी जपलेल्या जुन्या चिन्नोराला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तिनं कोपरापर्यंत हात घालून पाचही शिश्या तळाशी पुरल्या. उघडलेल्या दोघींची बुचं सैल आहेत का, हे पाहायचं तिला सुचलं नाही. हीच बाई पूर्वी त्या खोलीत अंगाचा साबण ठेवू देत नसे, चिन्नोर लगेच दुसऱ्याचा वास ओढून घेतो म्हणून. पण ज्याच्यापुरता वासच संपला, त्याला वास पसरतो हेही आठवत नाही.

मंडईच्या दिवशी भय्याजी आणि बेबीबाई सकाळच्या एसटीनं आले. भय्याजीच्या काखेत नेहमीची पिशवी. आनंदाबाईनं ती पाहिली आणि ओठ आत्तापासूनच वाकडे करून ठेवले. शुभांगी मागच्या अंगणात चुलीवर वडे तळत होती. चिन्नोराचा भात आनंदाबाईनं नेहमीप्रमाणे स्वतः धुतला, स्वतः शिजवला. भातानं वाफ धरली तशी शुभांगी झारा हातात घेऊन दारात आली.

“आई, भाताले...”

“तू वडे पाहा! चिन्नोराची अक्कल मले नोको शिकवू.”

“आई, एकदा ऐका तरी.”

“म्हटलं ना, वडे पाहा!”

पंगत बसली. वरण वाढलं, वांग्याची भाजी वाढली, आणि आनंदाबाई भाताचं पातेलं, म्हणजे गंज, घेऊन ओसरीवर आली. तिनं ते नेमकं भय्याजीपुढे ठेवलं आणि झाकण काढलं. वाफ थेट त्याच्या तोंडावर गेली.

“घ्या, जावईबापू. घ्या वास. याले म्हंते चिन्नोर!”

कोणी बोललं नाही. बेबीबाईनं पदर नाकाशी नेला आणि नवऱ्यानं बघताच खाली घेतला. वासुदेवरावांनी पानातलं मीठ निरखून पाहिलं. दारात शुभांगी पांढरीफटक पडली होती. साऱ्या ओसरीवर दव, चांदण्याचं पीठ आणि कोल्हिणीचं अंगण एकदम दाटलं होतं. वरणाच्या वासापुढेही ते मागे हटेना.

आनंदाबाईला ती शांतता फार आवडली. तिला वाटलं, गप्प झाले पाहा सगळे. “तुपावानी वास,” ती आठवणीतून बोलत राहिली, “अन् मागून थोडासा कोवळ्या पानाचा. लाखांदूरच्या मातीत नाही होत हे. तिथं निरं पोतंच पिकते.”

भय्याजीनं तिच्याकडे पाहिलं. शुभांगीनं त्या दिवशी पाहिलं होतं तसंच, जरा जास्त वेळ. मग त्यानं भात कालवला आणि घास घेतला. चावला, गिळला, पाणी प्यायला.

“खरं हाये वहिनी,” तो म्हणाला. “असा भात मी जन्मात नाही खाल्ला. वाढा अजून.”

त्यानं भात दोनदा मागून घेतला. त्याचं पाहून बेबीबाईनंही पान स्वच्छ केलं. आनंदाबाईनं भरल्या मनानं वाढलं. इतकी वर्षं खोडून काढलेला माणूस आज शरण आला होता, आणि त्या शरणागतीची वाढणी तिच्या हातून चालली होती.

संध्याकाळच्या एसटीनं पाहुणे निघाले. मंडईतला नाच बघायलासुद्धा थांबले नाहीत. त्यांना पोचवून आनंदाबाई आत आली तेव्हा शुभांगी पिंपाशी बसली होती. तिच्या तळहातावर दोन रिकाम्या शिश्या होत्या.

“तांदळात सांडल्या होत्या,” ती हळूच म्हणाली. “पूर्ण भात महकत होता, आई. घासच उतरत नव्हता गळ्याखाली. मी सांगाले आली होती.”

आनंदाबाईनं तोंड उघडलं. या मुलीला, तिच्या कार्टूनला, पुण्याच्या त्या अत्तरवालीला सोलून काढायला सारे शब्द जिभेवर तयार होते. पण तिच्या डोळ्यांपुढे भय्याजी येऊन बसला, तो भात दुसऱ्यांदा मागणारा भय्याजी. त्याला कळलं होतं. पहिल्या वाफेलाच कळलं होतं. इतक्या वर्षांचं सारं व्याजासकट फेडायची संधी गंजात वाफाळत होती, आणि त्यानं ती गुपचूप गिळून टाकली होती. अपमान केला असता तर तिला सोसला असता, उलटून चार सुनावले असते. दया सोसायची तिला सवय नव्हती. तिला लाज वाटली, खरी लाज, आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळेना.

ओसरीच्या कोपऱ्यात त्याची पिशवी होती. नेहमी तो ती पंगतीआधी तिच्यापुढे करायचा. यंदा त्यानं ती भिंतीशी टेकवून ठेवली आणि काही न विचारता निघून गेला.

आनंदाबाई पिशवीशी बसली. मूठभर तांदूळ काढून तिनं नाकाशी नेला, डोळे मिटले, ओठ वाकडे केले.

“पोत्याचा वास येते,” ती मोठ्यानं म्हणाली.

ओसरी रिकामी होती. कोणी हसलं नाही. शुभांगी येऊन शेजारी बसली, सासूच्या मुठीतले थोडे दाणे स्वतःच्या हातावर घेतले आणि हुंगले.

“नाही आई. लय चांगला हाये हा.”

आनंदाबाईनं उरलेले दाणे पिशवीत परत सोडले.

“माहीत हाये मले,” ती म्हणाली. “त्याचा तांदूळ पयल्या मंडईपासून चांगलाच हाये.”