पेवाचे तोंड

खंडाळ्याच्या औषध कारखान्यातील प्रयोगशाळेची नोकरी सोडून मी माहितीपट करणार, असे साताऱ्याला घरी सांगितले, तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेले माझे वडील इतकेच म्हणाले, "मोबाइल आले आणि फिल्मवाल्यांचं पेव फुटलं. त्यात आता तू."

टोमणा लागला, पण पेव म्हणजे नेमके काय, हे मला ठाऊक नाही, हे त्याहून अधिक लागले. माझा पहिला माहितीपट त्या अज्ञानातून निघाला. सांगलीजवळ नदीकाठी हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली ही खोल, अरुंद तोंडाची कोठारे. बहुतेक पुरात निकामी झालेली. सांगलीतल्या विश्रामबागेत खोली घेऊन महिनाभर हिंडल्यावर एक भरलेले पेव सापडले. मालक ते रिकामे करून कायमचे बुजवणार होता. म्हणजे संधी एकच. मी तक्ता आखला: सकाळी तिरपे ऊन तोंडावर येते, त्याच उजेडात हळदीची पहिली पाटी वर यायला हवी.

पेवात उतरणारे काका सत्तरीचे होते. त्यांनी तोंडावरची माती खरवडली, फरशी सरकवली. आतून गार, कडवट वास वर आला. मग ते कडुलिंबाखाली पाय पसरून बसले.

"काका, उतरायचं ना?"

"हळदीला श्वास घिऊ दे की. लय दिस कोंडलीया."

"ऊन जाईल हो."

"ऊन उद्या बी येतंय. मी गेलो तर येनार न्हाई."

कोंडलेल्या पेवात कर्बवायू साचतो, तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी थांबतो: हे सारे मी शिकले होते. तरीही "पटकन, एकच पाटी" असे म्हणत राहिले. अखेर त्यांनी कंदील पेटवून दोरीने आत सोडला. दोन हात खाली जाताच ज्योत मिटली. फुंकर नाही, धूर नाही. जणू तिला झोप लागली.

"आता बोल. तू जातीस का आदी?"

मी त्यांच्याशेजारी कडुलिंबाखाली बसले. त्यानंतरचे तास मला आजही सलग आठवत नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरवरचे गाणे दुरून येऊन विरून गेले. सावली पायांवरून सरकली. काकांचे डोळे मिटले. माझेही मिटत होते. तळवे कशाने पिवळे झाले, कळले नाही. आपण बसलो आहोत ती जमीनच संथ श्वास घेते आहे, असे वाटत राहिले.

कंदील पुन्हा आत गेला आणि तळाशी तेवत राहिला, तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. काका उतरले, मालकाच्या गड्यांनी दोर धरला. खालून हाक आली, "वढा!" पहिली पाटी वर आली ती पांढऱ्या, सपाट उजेडात. माझे दृश्य गेले होते.

संकलनाला बसल्यावर लक्षात आले: तिवईवरचा कॅमेरा चालूच राहिला होता. कंदील, कडुलिंब, सावली, सगळे त्यात होते. आणि काकांच्या शांत चेहऱ्यावर माझा आवाज: चला ना, चला ना. तो पुसणे सोपे होते. मी ठेवला.

साताऱ्याला वडिलांनी चित्रपट ताठ बसून पाहिला.

"ही घाई करणारी कोण गं?"

"मीच."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "कंदिलापासून परत लाव."