ब्लॉकेज नसताना ब्लॉकर

"नसांत ब्लॉकेज नाही, पण हृदयाचा स्नायूच अशक्त झालाय," विरारच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. पहिलं वाक्य ऐकून आई आणि मी इतक्या सुखावलो, की दुसरं आमच्या कानांत शिरलंच नाही.

आम्ही अर्नाळ्याचे. बाबा होडीवर जातात. जात होते, असं लिहायला हवं. जाळं ओढताना त्यांना दम लागायला लागला, मग चालताना, मग आडवं पडल्यावरही. या आजाराला कार्डिओमायोपथी म्हणतात. हृदय सैल पडतं, रक्त नीट ढकलू शकत नाही.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून औषधं समजावून घ्यायचं काम माझ्याकडे. मी कॉमर्सची. समजतं तेवढंच सांगते.

गोळ्यांत एक बीटा-ब्लॉकर होता. घरी बाबांनी नाव विचारलं, मी सांगितलं.

"ब्लाकेज नाय बोलला ना तो? मग ब्लाक करायची गोळी कशाला?"

"तुमची बडबड ब्लाक करायला," आई म्हणाली. आम्ही हसलो आणि विषय तिथेच राहिला.

बाबांच्या मनातून तो गेला नव्हता. दोनेक महिने सगळ्या गोळ्या घेऊन जरा बरं वाटायला लागलं, तशी ती एकच गोळी त्यांनी कोणाला न सांगता बंद केली. नंतर एका सकाळी बोंबील वाळत घालता घालता ते खाली बसले. घामाने भिजलेले. छाती इतकी धडधडत होती, की सदरा हलताना दिसत होता.

आयसीयूत डॉक्टरांनी विचारलं, "एखादी गोळी सोडली का?" बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "सोडली. ब्लाक होईल म्हनून."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला बाहेर बसवून समजावलं. नंतर ते मी बाबांना आपल्या भाषेत सांगितलं. हृदयाच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे धक्क्याला होडी लावायच्या जागा. अॅड्रिनलिन हे भीतीचं, धावपळीचं रसायन तिथे येऊन लागलं की हृदय पळायला लागतं. बीटा-ब्लॉकर त्याच जागा अडवून उभा राहतो, पण माल काही उतरवत नाही. ठोके संथ होतात, थकलेल्या हृदयाला आराम मिळतो. रक्ताची वाट तो अडवत नाही. मात्र जागा अडलेल्या राहिल्या की शरीर आणखी जागा बांधतं. गोळी अचानक सोडली, तर त्या सगळ्या एकदम मोकळ्या होतात आणि अॅड्रिनलिन सगळीकडे लागतं.

"असं पयलं सांगायचं ना, बाय," बाबा एवढंच म्हणाले.

ते घरी आले. पण आधी थोडी सुधारलेली ताकद गेली होती. समुद्रावर जाणं आता कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तुमच्या घरी ही गोळी आली, तर नावाचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा. विचारायची लाज वाटू देऊ नका. बंद करायचीच असेल, तर तेच हळूहळू कमी करून देतात.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या. बाबा आणि मी किनाऱ्यावर बसलो होतो. शेवटची होडी दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "आधी हे बघून छातीत धडधडायचं. आता काय पन होत नाय."

हे गोळीमुळे की दुःखामुळे, मला कळलं नाही. हे सांगायला ते माझ्या शेजारी होते, एवढ्यासाठी मी मनात देवाचे आभार मानले.