सिरेहची कैरी

सिरेह जार्जू शेजारी राहत असली की वेगळी करमणूक लागत नाही. तिची भीती बघत बसावं. आमचा गांबिया म्हणजे काय, तर एक नदी आणि तिला दोन्ही अंगांनी शिवलेला काठ. सकाळी नदीपासून चालायला लागलं की दिवस कलायच्या आत माणूस सेनेगलमध्ये. पण ही बाई कधी नदी ओलांडून पलीकडे गेली नाही. सख्खी बहीण पलीकडे बारा नावाच्या गावात राहते. फेरीबोट बुडेल म्हणून हिने भाचीचं लग्न सोडलं. घुबडाला भिते, शिपायाला भिते, शेंगदाण्याचं कालवण रटरटायला लागलं की त्यालासुद्धा.

आणि ह्याच बाईने बंदीत कैरी तोडली!

आंब्याला पाड लागेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, हा आमच्या गावचा कायदा. राखण कांकुरांगची; तो सोंगातला माणूस की रानातला आत्मा, हे कुणी विचारायचं नाही. अंगभर तांबड्या सालीचे धागे, तोंड झाकलेलं, दोन हातांत दोन कोयते. बायकांनी त्याच्यासमोर यायचं नाही. चोर सापडला तर तो बदडून काढतो. पण सिरेहची सून पहिलटकरीण, तिच्या पोटात काही ठरेना. सासूने एक कैरी दिली.

दुपारी मी तिच्याकडे शेंगा सोलत होते. बाहेर कोयत्यावर कोयता आपटला आणि कांकुरांगची ती किंकाळी आली. आम्ही दार लोटलं. सून कोपऱ्यात पोट धरून बसली.

बाहेर त्याच्याबरोबरच्या माणसांतलं कुणीतरी म्हणालं, "ह्या दारातल्या झाडाच्या देठातून चीक गळतोय अजून. ह्याच घरातलं कुणीतरी."

सिरेहने माझ्यासमोर हात धरला. बोटांवर चिकाचा काळा डाग. "धुतला गं, कोदू, जात नाही. मी बाहेर जाते. तो आत आला तर पोरीचं काय होईल?"

दाराच्या फटीतून तांबडे धागे उंबऱ्यावर लोळताना दिसले. ती कडीला हात घालणार, तेवढ्यात मी ओरडले, "हिनेच खाल्ली! जोलांच्या पोटाला बूड असतं का? न्या माझ्या गुलामाला, माझ्यातर्फेही दोन हाणा!"

मी सेरेर, ती जोला. आमच्या दोन जमातींची थट्टेची सोयरीक पणज्यांपासूनची. एकमेकींना चोर म्हणायचं, गुलाम म्हणायचं. राग कुणी धरत नाही, खरंही कुणी मानत नाही.

बाहेर हशा पिकला. "ती कोदू न्गुम रे! तिच्या लेखी गावातली प्रत्येक चोरी जोलांचीच. चला."

पावलं गेली. धागे मात्र तिथेच होते. मग चौकटीवर कोयत्याचा एक घाव बसला, आणि तेही सरकले.

"आता शिव्या दे की मला, भवाने," मी म्हटलं. हसायचा प्रयत्न केला.

सिरेहने माझा दंड धरला होता, तो सोडला नाही. हळूच म्हणाली, "माणसं हसली. तो हसला का गं?"

मी कान देऊन ऐकलं होतं. तो हसला नव्हता.