गुरुजी गेले का, एवढंच विचारायचं राहिलं

या, अशा जवळ या बघू. दारात उभं राहून ऐकायची ही कुठली पद्धत? आणि तो मोबाईल ठेवा खाली. मघापासून बघतेय, बातमी आली की ढकलली पुढे, आली की ढकलली. वाचता तरी का? आमच्याकडे एक पोर राहायची, तिच्यासमोर तुमचं हे चाललं नसतं. कानामागचं पेन काढून तिनं एकच विचारलं असतं, ‘‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’’

पत्रकारिता शिकत होती. गाव कर्जतपलीकडे कळंबकडचं, घरची भातशेती. कॉलेजानं सांगितलं होतं, सहा महिने एखाद्या वर्तमानपत्रात काम करा आणि संपादकांचं प्रमाणपत्र आणा, त्याशिवाय पास नाही. म्हणून ती खालापूरला आली. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मागे एक खोली. तिथे राहिली.

मी शाळा सातवीपर्यंतच पाहिली. बाकीचं लोकांचे कागद काढता काढता वाचत गेले. त्यामुळे आमचं जमलं.

पण तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं हो. एकदा मी म्हटलं, ‘‘पाऊस येतोय, वाळत घातलेले कपडे काढ.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘शेजारीण.’’

गेली शेजारणीला विचारायला. कपडे भिजले. दूध नासलं तर दूधवाल्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते नासलं असं म्हणू द्यायची नाही. दोन्ही बाजू येईपर्यंत आम्ही कोरा चहा प्यायचो.

संध्याकाळी वहीत लिहायची, आज काय शिकले ते. मला वाचून दाखवायची. ‘‘आज शिकले : साहेब ‘बघतो’ म्हणाले तर ‘साहेबांनी आश्वासन दिले’ असं लिहायचं नाही. साहेब ‘बघतो’ म्हणाले, असंच लिहायचं.’’ मी म्हटलं, एवढ्यासाठी कॉलेज कशाला, माझ्या दुकानात बसली असतीस तरी कळलं असतं.

तिचं वर्तमानपत्र म्हणजे तालुक्याचं एक साप्ताहिक. दर गुरुवारी चार पानं, त्यातली अडीच वाढदिवसाची. उरलेले सहा दिवस संपादक त्याच जागेत फ्लेक्स छापायचे. आणि घोटाळा झाला तोही फ्लेक्सनेच.

एका शनिवारी ती गावाहून एसटीने परत येत होती. वाटेत एका फाट्यावर फ्लेक्स दिसला. वर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली आमच्या तालुक्यातल्या जुन्या शाळामास्तरांचा, गुरुजींचा, फोटो आणि नाव. मधला भाग मात्र कुणा दादाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने झाकलेला. दादा गॉगल लावून नमस्कार करत होते. आता त्या दादांच्या मागे खरा गेलेला माणूस होता, गुरुजींचे थोरले चुलतभाऊ. गुरुजी खाली होते ते शोक करणाऱ्यांत. पण एसटीच्या खिडकीतून एवढं कसं कळणार?

पोरीनं मग निधनवार्ता लिहायला घेतली. गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. कर्जतला केले, रसायनीला केले. नोकरी कधी लागली, कुठल्या शाळा, टोपी कुठली घालायचे, सगळं दोघांतिघांकडून पक्कं केलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पुराच्या पाण्यातून सात मुलांना खांद्यावरून कसं आणलं, ते तर तिघांनी सांगितलं. प्रत्येक जण आधी ‘‘अरेरे, कधी गेले?’’ म्हणायचा आणि मग सांगायचा. मीही गुरुजींना ओळखत होते. मीही अरेरे म्हटलं. टोपीपर्यंत सगळं तपासलं, गुरुजी गेले का, एवढंच विचारायचं राहिलं.

गुरुवारी अंक आला. शुक्रवारी सकाळी दुकानात एक गृहस्थ आले, अंक काउंटरवर ठेवला. ‘‘याच्या दहा प्रती काढा. जरा गडद काढा.’’

मी मान वर केली. गुरुजी! माझ्या हातातला कागद मशीनमध्ये वाकडा गेला.

‘‘घाबरू नका,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मीच तो कैलासवासी. आयुष्यभर शिकवलं, कुणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. इथे अख्खा कॉलम आहे. कुणी लिहिलंय हो?’’

पोर मागून चहा घेऊन येत होती. कप तिथेच टेकवून पुढे आली. ‘‘गुरुजी, मी दुरुस्ती छापते. येत्या गुरुवारी.’’

‘‘कशाला? यात एकही चूक नाही.’’

‘‘तुम्ही आहात ना!’’

‘‘मी असण्यानं मजकूर कुठे बिघडतो?’’

ती धावत संपादकांकडे गेली, पाठोपाठ मीही. संपादक एका वाढदिवसाला कडा लावत होते. म्हणाले, ‘‘आपल्या पेपरात दुरुस्ती येत नाही. लोकांना वाटेल आपण चुकतो. त्यांचं वय काय?’’

‘‘ब्याऐंशी.’’

‘‘मग थोडा धीर धर. बातमी आपोआप खरी होईल.’’ आणि वर म्हणाले, ‘‘प्रमाणपत्र पाहिजे ना तुला?’’

झालं. खरं छापावं असं जगात एकट्या तिलाच वाटत होतं, आणि त्यापायी वर्ष जाणार होतं. मीच म्हटलं, ‘‘गप्प बस गं. गुरुजी खूश, संपादक खूश. तुझ्या पोटात का दुखतंय?’’

‘‘मावशी, मी फाट्यावर उतरायला पायजे होतं. दार वाजवायला पायजे होतं. आता वाजवते.’’

रविवारी ती खरंच निघाली, ज्यांना ज्यांना फोन केले होते त्यांच्या घरी. गुरुजींना बरोबर घेतलं. पुरावा म्हणून! आणि गुरुजी आनंदानं आले, कारण प्रत्येक घरी चहा आणि वर कौतुक. मी दुकान बंद ठेवून मागोमाग. असा तमाशा कोण सोडतं?

पहिल्याच घरी एक सत्तरीला टेकलेले विद्यार्थी ओसरीवर बसलेले. गुरुजींना बघून उठलेच. ‘‘अरं द्येवा! गुरुजी, मी तर तुमच्या नावानं अंगोळ केली वो!’’

‘‘बरं केलंस,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘शाळेत असताना कधी करत नव्हतास.’’

दुसऱ्या घरी सून फोटोला घातलेला हार काढायला धावली. घाईत तोच गुरुजींच्या गळ्यात घातला. त्यांनीही घालून घेतला.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. घरोघर लोक पुराची गोष्ट काढायचे आणि गुरुजी दरवेळी विषय बदलायचे. चौथ्या घरी तर रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, त्या सात मुलांतलाच एक होता. गुरुजींचे पाय धरून म्हणाला, ‘‘तुमी खांद्यावर घेतलं म्हनून आज मी हाय.’’

गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. ‘‘तू रडत होतास. डोळे गच्च मिटले होतेस.’’

‘‘हा.’’

‘‘मीही मिटले होते रे. मला पोहता येत नाही. वरच्या वाडीतला एक माणूस मोळी घेऊन चालला होता. मोळी टाकून त्यानं तुम्हाला एकेकाला पलीकडे नेलं. तुम्ही सात जण, आठवा मी होतो.’’

दर पंधरा ऑगस्टला ही गोष्ट सांगितली जायची हो, झेंड्याखाली, गुरुजींच्या देखत.

पोरीनं कानामागचं पेन काढलं. ‘‘नाव काय त्यांचं?’’

गुरुजींनी गळ्यातला हार काढला. ‘‘विचारलं नाही गं. तेव्हाही नाही, नंतरही नाही.’’

त्या रात्री तिनं एक कागद लिहिला. ‘दुरुस्ती. गुरुवारची निधनवार्ता मी लिहिली. तिच्यात दोन गोष्टी चुकल्या. गुरुजी हयात आहेत. आणि पुरातून सात मुलांना व गुरुजींना ............ यांनी आणलं. नाव मिळालेलं नाही, शोध चालू आहे.’ खाली तिची सही. त्याखाली गुरुजींनी लाल पेनानं लिहिलं, ‘वाचले. बरोबर आहे.’

दोनशे प्रती मी काढल्या. तिनं एसटी थांब्यापासून दवाखान्यापर्यंत वाटल्या. संपादकांनी प्रमाणपत्र दिलं नाही. कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून ती एक दिवस पोटभर रडली, मग वही काढून लिहायला बसली. त्या दिवशी काय शिकली ते मात्र वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. तीन रविवार वाडीवर चढून गेली. घरांना कुलपं होती, माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. मग दुसऱ्या गावी दुसऱ्या वर्तमानपत्रात पुन्हा सहा महिने केले, पास झाली. आता लांब नोकरीला असते. खोली तशीच आहे. दूध नासलं की मी मुकाट्यानं ओतून देते, करमत नाही.

हे तुम्ही लिहून पुढे ढकलालच, मग ती वाचेलच, म्हणून शेवटचं तिलाच सांगते. अगं, परवा वाडीवरची एक म्हातारी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली होती. त्या वाडीच्या प्रत्येकाला विचारते तसं तिलाही मी पुराचं विचारलं. म्हणाली, ‘‘तो माजा बा. दुसरी मोळी माज्याच डोक्यावर व्हती. पोरं हलकी व्हती, मास्तरच लई जड, म्हनायचा बा.’’

नाव सांगितलंय तिनं. फोनवर मी सांगणार नाही, आणि गुरुजींनाही अजून सांगितलेलं नाही. ते आता फार चालत नाहीत, पण वाडीच्या पायथ्यापर्यंत रिक्षा जाते. दिवाळी झाली की म्हातारी भट्टीवर जाईल. त्याआधी ये गं पोरी.